त्रुटीपूर्ततेसाठी परत

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात बॉयर्स नावाच्या गावाजवळ चुनखडीची एक जुनी खाण आहे. जमिनीखाली दोनशेहून अधिक फुटांवर बोगदे, बोगद्यांत दिवे, दिव्यांखाली टेबलं आणि टेबलांच्या मागे फायलींच्या कपाटांच्या रांगाच रांगा. तिथल्या केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होणाऱ्या माणसाचे कागद १९६० पासून कित्येक दशकं या खाणीत उतरायचे आणि त्याचं निवृत्तिवेतन इथे ठरायचं. वॉशिंग्टन पोस्टने २०१४ साली या जागेवर लिहिलं तेव्हा सहाशेच्या आसपास माणसं तिथे कामाला होती. एक प्रकरण हातावेगळं व्हायला सरासरी ६१ दिवस लागत होते. १९७७ मध्येही ६१ दिवसच लागायचे. मधल्या काळात घराघरांत संगणक आले, खिशात फोन आले, खाणीतला आकडा मात्र जागचा हलला नाही.

हे कुणाला सांगितलं की ऐकणारा हसतो. मला फारसं हसू येत नाही. मी स्वतः काही वर्षं पेन्शनच्या टेबलावर काढली आहेत. खाणीत नव्हे, खिडकी असलेल्या खोलीत. पण काम तेच. त्यामुळे ते ६१ दिवस कुठे जातात हे मला बसल्या जागी सांगता येईल.

तीस वर्षं एकाच खुर्चीत बसून निवृत्त झालेल्या माणसाचा हिशेब तासाभरात होतो. फक्त असा माणूस टेबलावर येतच नाही. जो येतो त्याने मधे दोन वर्षं बिनपगारी रजा घेतलेली असते. काही काळ तो अर्धवेळ कामावर असतो. त्याआधीची सैन्यातली सेवा धरायची की नाही, यावर दोन कार्यालयांचं दोन तऱ्हेचं मत असतं. पहिल्या लग्नाचा निकाल लागताना न्यायालयाने पेन्शनमधला वाटा पहिल्या पत्नीला द्यायला सांगितलेला असतो आणि नामनिर्देशनाच्या कागदावर अजून वारलेल्या आईचंच नाव असतं. यातला एकेक कागद वेगळ्या ठिकाणाहून मागवायचा. तो आला की आधीच्या कागदाशी त्याची जन्मतारीख जुळत नाही. मग पुन्हा पत्र.

हे नियम कुणी छळायला केलेले नसतात, हे लोकांना पटवणं कठीण जातं. एकेका नियमामागे कुणाची तरी कणव असते. विधवेला काहीच मिळत नाही असं दिसलं म्हणून एक कलम आलं. सैनिकावर अन्याय होतो म्हणून दुसरं. घटस्फोटितेला वाऱ्यावर सोडता येत नाही म्हणून तिसरं. जुनी कलमं कुणी काढत नाही, कारण काढलं की कुणाचं तरी ताट ओढून घेतल्यासारखं होतं. शंभर वर्षं तुकड्याला तुकडा जोडत गेलं की त्याची गोधडी होते, आणि ती कुठून उसवायची हे शिवणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्या खाणीतलं काम संगणकावर नेण्याचे प्रयत्न वारंवार झाले. २००८ मध्ये वाजतगाजत आणलेली एक यंत्रणा त्याच वर्षी गुंडाळावी लागली. गोधडीचे सगळे तुकडे कुणालाच तोंडपाठ नसतात. यंत्र लिहिणाऱ्याला तर नसतातच नसतात.

पेन्शनवर बोलणारे विद्वान पैशावर बोलतात. निवृत्तीचं वय किती असावं, हप्ता किती, तिजोरी कोणत्या वर्षी रिकामी होईल. ते बोलायलाच हवं. पण टेबलावर बसून मला जे दिसलं ते याच्या बरंच खालच्या पायरीवरचं आहे. पैसे देणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. अवघड काय, तर एका माणसाला साठ-सत्तर वर्षं ओळखत राहणं. त्या काळात त्याचं नाव बदलतं, पत्ता बदलतो, शरीर बदलतं, सही बदलते. ही ओळख राखायला मनुष्यबळ लागतं, वेळ लागतो, आणि तिथे काटकसर केली की वाचलेलं काम संपत नाही. ते खिडकीच्या अलीकडून पलीकडे सरकतं. अर्जदाराकडे.

माणसाला ओळखणं म्हणजे आधी त्याचं वय ओळखणं. वय ही त्यातल्या त्यात सोपी गोष्ट वाटते, म्हणून आयर्लंडची हकिकत सांगते. ब्रिटिश संसदेने १९०८ मध्ये वृद्धांच्या पेन्शनचा कायदा केला. सत्तरी गाठलेल्या गरीब माणसाला आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत, १ जानेवारी १९०९ पासून. आयर्लंडमध्ये जन्माची सरकारी नोंद सुरू झाली ती १८६४ मध्ये. म्हणजे ज्यांना पेन्शन द्यायची त्यांच्यापैकी कुणाकडेच दाखला नाही. मग अधिकाऱ्यांनी एक युक्ती लढवली. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडवर भयंकर वादळ आलं होतं. घरं पडली, माणसं मेली, ती रात्र पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. ‘ती वादळाची रात्र आठवते का?’ आठवत असेल तर सत्तरी झाली असं धरायचं. आता जानेवारी १९०९ मध्ये नेमका सत्तरीचा माणूस वादळाच्या रात्री पाळण्यात असणार. त्याला काय डोंबल आठवणार! तरी पुष्कळांना आठवलं. आयर्लंडमधून सरकारच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त अर्ज आले.

मग १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेची बाडं उघडून एकेका अर्जदाराचं नाव शोधायची पद्धत पडली. प्रत्येक शोधासाठी एक छापील नमुना: आईवडिलांची नावं, गाव, परगणा, सापडलेलं वय. १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला आग लागली आणि त्या जनगणनांची जवळजवळ सगळी बाडं जळाली. शोधाचे नमुने तेवढे वाचले. आज पूर्वजांचा माग काढणारे आयरिश लोक त्या नमुन्यांवर तुटून पडतात. पेन्शनसाठी कुणीतरी कंटाळत भरलेला कागद मूळ जनगणनेपेक्षा जास्त टिकला, याचं मला, या धंद्यातली असल्यामुळे असेल, फार अप्रूप वाटतं.

वयापाठोपाठ नाव. अमेरिकेत १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे कामगारांच्या पेन्शनचा, कायदा झाला आणि पुढच्या वर्षाअखेरीपासून टपाल कार्यालयांमार्फत कोट्यवधी कामगारांना एकेक क्रमांक दिला गेला. १९३८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात लॉकपोर्ट इथल्या, पैशांची पाकिटं बनवणाऱ्या एका कंपनीने आपल्या नव्या पाकिटात, या क्रमांकाचं कार्ड कसं छान बसतं हे दाखवायला, नमुन्याचं कार्ड घातलं. त्यावर क्रमांक छापला तो कंपनीतल्या एका सेक्रेटरीचा खराखुरा. पाकीट विकत घेणाऱ्यांना वाटलं, हाच आपला नंबर. १९४३ या एकाच वर्षी ५,७५५ माणसं तो क्रमांक वापरत होती. वर्षानुवर्षांची बेरीज चाळीस हजारांच्या पुढे गेली. १९७७ मध्येही बारा जण त्यालाच चिकटून होते. प्रत्येकाची मजुरी त्या बिचारीच्या खात्यात जमा, आणि ती उकलून ज्याची त्याला लावायची म्हणजे कारकुनांची रात्रपाळीच.

जपानमध्ये हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं आणि त्यात गंमत काहीच नव्हती. १९९७ पर्यंत तिथे नोकरी बदलली, योजना बदलली की पेन्शनचा क्रमांकही बदलायचा. १९९७ मध्ये माणशी एक क्रमांक ठरला आणि जुन्या नोंदी त्याला जोडायचं काम सुरू झालं. २००७ मध्ये उघड झालं की सुमारे ५ कोटी नोंदींना मालकच सापडलेला नाही. हप्ते भरलेले आहेत. कुणी भरले ते कळत नाही. जपानी चित्रलिपीतलं एकच नाव वेगवेगळ्या प्रकारे वाचता येतं. जुन्या कागदावरून संगणकात उच्चार चढवताना कुणीतरी अंदाजाने एक निवडला होता. शिवाय लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायका. त्या वर्षी जुलैमध्ये वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत सत्ताधारी पक्ष हरला, त्याच्या कारणांत हे प्रकरण ठळक होतं. पेन्शनच्या नोंदी ठेवणारी सरकारी संस्था पुढे बंद झाली आणि जानेवारी २०१० पासून नवी संस्था आली.

पण मला अडतं ते पुढच्या गोष्टीपाशी. सरकारने नागरिकांना पत्रं पाठवली: ही तुमची नोंद, यात काही सुटलं आहे का ते पाहून कळवा. वरवर चांगली गोष्ट, दुसरा मार्गही नव्हता. तरी विचार करा. ऐंशीच्या घरातल्या बाईने आठवायचं आहे की विशीत, लग्नाआधीच्या नावाने, आता अस्तित्वात नसलेल्या कोणत्या कारखान्यात तिने किती महिने काम केलं. नोंद ठेवायचं काम कार्यालयाचं होतं. ते कार्यालयाला जमलं नाही म्हणून आता तिची स्मरणशक्ती कामाला लावली.

आणि हे सारखं बायकांच्याच वाट्याला येतं, हा योगायोग नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला: सुमारे १ लाख ३४ हजार पेन्शनरांना मिळून १ अब्ज पौंडांहून जास्त रक्कम कमी दिली गेली असावी, आणि काही चुका १९८५ पर्यंत मागे जातात. यात बहुतेक बायका. कुणाची पेन्शन नवऱ्याच्या हप्त्यांवर अवलंबून होती, कुणी विधवा झाली होती, कुणी ऐंशी ओलांडली होती. त्या त्या वेळी आकडा वाढायला हवा होता. तो आपोआप वाढत नव्हता. कर्मचाऱ्याने लक्षात ठेवून नोंद उघडायची आणि हाताने बदल करायचा. नियम किचकट, यंत्रणा जुनी, माणसं कमी. नोंदवहीची कल्पनाच मुळी एका नावाच्या, एका नोकरीच्या, सलग हप्ते भरणाऱ्या माणसाभोवती बेतलेली आहे. ज्याचं आयुष्य तसं नसतं तो वहीच्या समासात जातो.

इथवर जे सांगितलं ते सगळं वृद्धापकाळाचं. त्यात कष्ट आहेत पण प्रश्न तरी सरळ आहे: जन्म कधी, हप्ते किती. अपंगत्वाचं टेबल वेगळंच. त्या टेबलावर बदली झाली की भलेभले कारकून रजा टाकायचे.

जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८९ मध्ये, जगातला पहिला मोठा कायदा झाला तेव्हा या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात होत्या. कामगाराच्या कार्डावर दर आठवड्याला हप्त्याचं तिकीट चिकटवायचं. सत्तरी गाठली तर म्हातारपणाचं वेतन, त्याआधी शरीर मोडलं तर अपंगत्वाचं. सत्तरीपर्यंत पोचणारे थोडेच होते. काही वर्षांतच अपंगत्वाचं वेतन घेणारे कितीतरी जास्त झाले. आज लोक त्या कायद्याला म्हातारपणाच्या पेन्शनचा जनक म्हणतात. प्रत्यक्षात तो मुख्यतः मोडलेल्या कामगारांचा कायदा होता.

वय मोजता येतं. मोडणं मोजता येत नाही, ठरवावं लागतं, आणि ठरवायला निकष लागतो. अमेरिकेने १९५६ मध्ये पन्नाशीपुढच्यांना अपंगत्वाचं वेतन सुरू केलं आणि १९६० मध्ये वयाची ती अट काढली. तिथला निकष ढोबळमानाने असा, की वैद्यकीय तपासणीत दिसणाऱ्या दुखण्यामुळे माणसाला अर्थार्जनाचं कोणतंही भरीव काम करता येत नाही, आणि ते दुखणं किमान बारा महिने टिकणारं किंवा जिवावर बेतणारं आहे. भारताच्या २०१६ च्या कायद्याने दुसरी वाट धरली: अपंगत्वाचे २१ प्रकार, आणि सवलतींसाठी बहुतेक ठिकाणी किमान ४० टक्के. एकीकडे प्रश्न कामाचा, दुसरीकडे टक्क्यांचा. मला दोन्हींत सारखीच धास्ती वाटते. ३८ टक्के आणि ४० टक्के यांच्यामध्ये माणसाच्या दिवसात काय बदलतं? मंगळवारी जिना चढू शकणारी आणि बुधवारी अंथरुणातून उठू न शकणारी बाई तपासणीला मंगळवारी गेली तर तिचं काय?

‘कोणतंही काम’ म्हणजे कोणतं, हे ठरवायला अमेरिकेत व्यवसायांचा एक सरकारी कोश वापरतात. त्याची शेवटची मोठी सुधारणा १९७७ मधली, थोडी डागडुजी १९९१ मधली. अर्जदाराला सांगितलं जायचं: तुम्ही पूर्वीचं काम करू शकत नाही हे मान्य, पण बसून करण्याजोगी कामं आहेत की. उदाहरणार्थ, कवचफळांची प्रतवारी. लाकडी खुंट्या तपासणं. कागदावर अशा हजारो जागा. बाहेर जाऊन शोधा म्हटलं तर एक सापडायची नाही. आणि या कामांच्या नावाखाली खरोखर अर्ज फेटाळले जात होते. २०२४ मध्ये शंभराहून अधिक व्यवसाय यादीतून वगळले गेले. कोश अजून तोच आहे.

आता माझ्या टेबलावरचं एक प्रकरण. एक गृहस्थ आणि त्यांची पत्नी आली. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला होता. कामावरून मुदतीआधी निवृत्त व्हायचं, अपंगत्वाच्या आधारावर. त्यांचा अर्ज एका दुसऱ्या कार्यालयातून परत आला होता आणि पत्नीला त्यावरचा शेरा कळत नव्हता. हिरव्या शाईत लिहिलं होतं: ‘अर्जावरील सही सेवापुस्तकातील नमुना सहीशी जुळत नाही. त्रुटीपूर्ततेसाठी परत.’ मी सेवापुस्तक पाहिलं. पहिल्या पानावर उजव्या हाताची सही, आडनावाच्या शेवटच्या अक्षराला ऐटीत मारलेला फाटा. अर्जावर डाव्या हाताने काढलेली वाकडीतिकडी अक्षरं. अर्ज ज्या कारणासाठी केला तेच कारण देऊन परत केला होता. पत्नी म्हणाली, “मॅडम, ह्यांची जुनी सही आता मी कुठून आणू?”

उपाय नियमात होता. डाव्या हाताचा अंगठा, दोन साक्षीदार, साक्षांकन. पाच मिनिटांचं काम. तो उपाय शेऱ्यात लिहिला असता तर त्यांची खेप वाचली असती. शेरा लिहिणाऱ्या माणसाला मी ओळखत होते. चांगला माणूस, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. पण हिशेब बघा. सही जुळत नसताना प्रकरण मंजूर केलं आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर खुलासा त्याला द्यायचा. सही जुळत नाही म्हणून परत केलं, तर त्याबद्दल त्याला जन्मात कुणी विचारणार नाही. ज्याला मिळायला नको त्याला मिळालं, ही चूक वहीत सापडते. ज्याला मिळायला हवं त्याला मिळालं नाही, या चुकीला वहीत रकानाच नाही. तो माणूस दोन-तीन खेपा घालून घरी बसतो आणि कार्यालयाच्या आकडेवारीत ‘प्रलंबित प्रकरणं’ एकाने कमी होतात. मी त्या टेबलावर असते तर वेगळं वागले असते असं छातीठोकपणे म्हणवत नाही. घरी पोरंबाळं असतात, बढती असते.

हे एका कारकुनाचं झालं. अख्खं सरकार तसं वागलं की काय होतं? अमेरिकेत १९८० च्या एका दुरुस्तीने अपंगत्वाच्या प्रकरणांची ठरावीक काळाने फेरतपासणी करायचं ठरलं. १९८१ पासून ती धडाक्यात सुरू झाली आणि तीनेक वर्षांत पाच लाखांच्या जवळपास लोकांचं वेतन थांबवलं गेलं. अपिलात गेलेल्या फार मोठ्या संख्येला ते परत मिळालं, म्हणजे मुळात थांबवायलाच नको होतं. काही राज्यांनी तर केंद्राचे आदेश पाळायचं नाकारलं. शेवटी १९८४ मध्ये कायदा करावा लागला: प्रकृती सुधारली आहे असं सरकारने दाखवायचं, मगच वेतन थांबवायचं. कुणी काय सिद्ध करायचं, एवढं एक वाक्य बदललं, आणि ते बदलायला तीन वर्षं गेली.

अपिलाच्या रांगेचं एक मोजमाप आहे. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०२० मध्ये सांगितलं की २००८ ते २०१९ या वर्षांत अपंगत्वाच्या अपिलाचा अंतिम निकाल लागण्याआधी सुमारे १ लाख १० हजार अर्जदार वारले. हे सगळे रांगेमुळे गेले असं नव्हे. आजारी माणसांचीच ती रांग. पण वृद्धापकाळ आणि अपंगत्व मिळून सोशल सिक्युरिटीच्या सगळ्या व्यवस्थेचा प्रशासकीय खर्च एकूण खर्चाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास आहे आणि तो कौतुकाने सांगितला जातो. कौतुक करण्याजोगा आहेही. माझं इतकंच म्हणणं आहे की त्या रांगेत गेलेले महिने, वकिलाची फी, उधारी, विकलेली गाडी हा खर्च कुठल्या खात्यात धरतात?

मृत्यूचं टेबलही असतं. पेन्शन सुरू करणं कठीण, बंद करणं त्याहून नाजूक. माणूस स्वतःच्या मृत्यूची खबर द्यायला येत नाही. यावर जगात दोन रीती आहेत. एक आपली: दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्या, नाहीतर पेन्शन थांबेल. २०१४ च्या नोव्हेंबरात भारत सरकारने ‘जीवन प्रमाण’ आणलं. बोटाचा ठसा यंत्रावर ठेवला की काम झालं. कष्ट करून घासलेली, सुरकुतलेली बोटं यंत्राला वाचता येत नाहीत हे लवकरच कळलं. पुढे २०२१ मध्ये फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखण्याची सोय आली. ती खरोखर चांगली आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून बँकेत नेणारी मुलं-सुना मी पाहिल्या आहेत. दुसरी रीत अमेरिकेची: मेल्याची खबर येईपर्यंत जिवंत धरायचं. तिथे उलटा घोटाळा होतो. दरवर्षी काही हजार जिवंत माणसं चुकून मृतांच्या यादीत जातात. पेन्शन थांबतेच, बँकेचं खातं गोठतं, आणि मग माणूस खिडकीपाशी उभा राहून आपण जिवंत असल्याचा पुरावा शोधू लागतो. तो समोर उभा असतो, पण त्याचं उभं असणं हा पुरावा चालत नाही.

२०२५ च्या सुरुवातीला दीडशे वर्षांचे म्हातारे पेन्शन खातात अशी आवई अमेरिकेत उठली आणि सत्तेतल्या वरिष्ठांनीच ती उठवली. खरी गोष्ट सोशल सिक्युरिटीच्याच अंतर्गत तपासनिसांनी २०२३ मध्ये लिहून ठेवली होती. १९२० किंवा त्याआधी जन्मलेल्यांचे सुमारे १ कोटी ८९ लाख क्रमांक असे होते की ज्यांच्यापुढे मृत्यूची नोंद नाही. त्यांतल्या ९८ टक्क्यांच्या नावे एक छदामही जात नव्हता. ही माणसं कधीच गेली होती. बहुतेकांची खबर संगणकांच्या जमान्याआधीची, ती वहीत चढली नव्हती. चढवायला पन्नास लाखांहून जास्त डॉलर लागले असते, एक कोटीच्या आतच. कुणाला पैसे जातच नाहीत तर कशाला खर्च करा, असा विचार झाला. त्या विचारात मला आमच्या साहेबांचा आवाज ऐकू येतो. पुढे किती किंमत मोजावी लागली ते उघडच आहे. लोकांचा विश्वास एकदा उडाला की तो कोणत्या शीर्षाखाली खर्च टाकून परत आणायचा?

काटकसरीचं सगळ्यात वाईट रूप ऑस्ट्रेलियात दिसलं. तिथे मदत घेणाऱ्यांना दर पंधरवड्याला उत्पन्न कळवावं लागतं. सरकारने करखात्याकडून वर्षाचं उत्पन्न घेतलं, २६ ने भागलं आणि पंधरवड्यांना सारखं वाटून टाकलं. म्हणजे सहा महिने आजारी पडून मदत घेतलेली आणि नंतरचे सहा महिने नोकरी केलेली व्यक्ती हिशेबात वर्षभर थोडीथोडी कमावती दिसू लागली. मग तिला वसुलीची नोटीस: तुम्ही जास्त घेतलं, परत करा, नसेल घेतलं तर पाच-सहा वर्षांपूर्वीच्या पगाराच्या चिठ्ठ्या दाखवा. पूर्वी असा फरक दिसला की कर्मचारी मालकाला पत्र लिहून विचारायचा. ते पत्र वाचवलं. लोक या योजनेला ‘रोबोडेट’, म्हणजे यंत्राने काढलेलं कर्ज, म्हणू लागले. २०२० मध्ये सरकारने ३ लाख ७३ हजार लोकांचे मिळून ७२ कोटी १० लाख डॉलर परत करायचं जाहीर केलं आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने ही योजना न्याय्यही नव्हती आणि कायदेशीरही नव्हती असं लिहिलं.

वसुली या विषयावर माझं आणि एका जुन्या सहकाऱ्याचं आजही पटत नाही. प्रश्न असा: कार्यालयाच्या चुकीने एखाद्याला काही वर्षं जास्त पेन्शन गेली. त्याने ती प्रामाणिकपणे खाल्ली. चूक सापडल्यावर काय करायचं? अमेरिकेत अशा वेळी पुढच्या महिन्यापासून सगळी रक्कम कापून घेतली जायची. मार्च २०२४ मध्ये ठरलं, दहा टक्केच कापा. मार्च २०२५ मध्ये पुन्हा शंभर टक्क्यांची घोषणा झाली. पुढच्या महिन्यात ते पन्नासवर आलं. चूक तीच, म्हातारा तोच, उत्तरं तीन. आणि प्रत्येक वेळी ते सांगायला खिडकीशी तोच कर्मचारी.

मी म्हणते, चूक कार्यालयाची असेल आणि माणसाने काही लपवलं नसेल तर वसुली करूच नये. ती कार्यालयाच्या खर्चात दाखवावी. म्हणजे निदान वरच्यांना कळेल की दोन कारकुनांच्या जागा रिकाम्या ठेवल्याने नेमके किती गेले. सहकारी म्हणतो, “असं केलंस तर चुका शोधायच्याच बंद होतील. सापडली की आपल्याच माथी, मग कोण शोधणार?” त्याचं म्हणणं खोटं नाही, मी ते टेबल पाहिलं आहे. मी म्हणते, मग शोधणारे वेगळे बसवा, ज्यांनी चूक केली त्यांच्या हाताखाली नकोत. तो म्हणतो, त्या पदांना मंजुरी कोण देणार?